स्मरण म्हणजे परत येणं : गीता ६.२६ आणि ‘माइंडफुलनेस’



आजचं चिंतन : श्रीमद्भगवद्गीता, अध्याय ६, श्लोक २६
सोबत वाचा : २.६२-६३, ६.१६-१७, ६.३४-३५, १८.७३

भावार्थ

भगवंत म्हणतात, मन चंचल आहे, एका जागी राहणारं नाही. ते ज्या ज्या निमित्तानं बाहेर धावेल, तिथून तिथून त्याला आवरून पुन्हा आपल्या ताब्यात आणावं.

श्लोक छोटा आहे आणि पहिल्यांदा वाचताना साधा वाटतो. पण यात ‘मन भरकटू देऊ नकोस’ असं कुठेही म्हटलेलं नाही. मन भरकटणार हे गृहीत धरूनच पुढचं सांगितलंय. साधना आहे ती परत आणण्यात. दहा वेळा गेलं तर दहा वेळा आणायचं.

ज्या अध्यायात ज्ञानेश्वर माउलींनी मराठीच्या गोडव्याबद्दल पैज लावली, तोच हा सहावा अध्याय. या श्लोकावर माउली जे सांगतात ते वाचून मी पहिल्यांदा थांबलो होतो. त्यांच्या सांगण्याचा आशय असा : निश्चयानं मन स्थिर झालं तर उत्तमच. नाहीच झालं तर त्याला मोकळं सोडून द्या. ते जिथे जाईल तिथून तुमचा नियमच त्याला घेऊन येईल, आणि असं करता करता स्थिर होणं ही त्याची सवय बनेल.

माउली ‘मोकळं सोडा’ म्हणतायत! आपल्याला उलट वाटतं. ध्यानाला बसलो आणि ऑफिसचा विचार आला, की आपण स्वतःवरच चिडतो. ‘छे, मला ध्यान जमतच नाही.’ म्हणजे आधी विचार आला आणि वर त्या विचाराबद्दलचा राग आला. एकाचे दोन झाले.

आज हा श्लोक घ्यायचं कारण म्हणजे सध्या सगळीकडे ऐकू येणारा ‘माइंडफुलनेस’ हा शब्द. हिंजवडीतल्या कंपन्यांत त्याची सेशन्स होतात, मोबाइलवर त्याची अॅप्स असतात, समुपदेशकही त्याचे व्यायाम देतात. मग सत्संगात दोन प्रकारची मतं कानावर येतात. एक, ‘हे तर आपलंच आहे, परदेशातून फिरून आलं.’ दुसरं, ‘आपल्याकडे नाम आहे, मग डॉक्टर आणि थेरपी कशाला?’ पहिलं अर्धवट खरं आहे. दुसऱ्यानं माणसाचं नुकसान होऊ शकतं. म्हणून जरा सविस्तर पाहू.

शब्दाचा प्रवास

पाली भाषेत ‘सति’ असा शब्द आहे. संस्कृतमध्ये तोच ‘स्मृति’. १८८१ साली टी. डब्ल्यू. ऱ्हिस डेव्हिड्स या अभ्यासकानं बौद्ध सुत्तांचं इंग्रजी भाषांतर करताना ‘सति’साठी ‘माइंडफुलनेस’ हा शब्द वापरला आणि तो रूढ झाला. म्हणजे या शब्दाच्या मुळाशी आठवण आहे. कुठे आहोत, काय करतोय याची आठवण. आपण मराठीत त्याला ‘भान’ म्हणतो.

मराठी माणसाला हा ठेवा करून दिला तो धर्मानंद कोसंबी यांनी. गोव्यात साखवाळ इथे १८७६ साली जन्मलेला हा माणूस ज्ञानाच्या ओढीनं घर सोडून निघाला. पुण्यात संस्कृतचे धडे घेतले, नेपाळ, श्रीलंका, ब्रह्मदेश असा फिरला, पाली शिकला आणि परत येऊन फर्ग्युसन कॉलेजमध्ये पाली शिकवू लागला. ‘समाधिमार्ग’ हे त्यांचं पुस्तक ध्यानाच्या पद्धतींवरच आहे. ‘निवेदन’ हे त्यांचं आत्मचरित्र जरूर वाचा. मनाची घालमेल लपवून न ठेवता लिहिलेलं असं आत्मचरित्र विरळा.

दुसरा धागा सत्यनारायण गोएंका यांचा. १९२४ साली मंडालेत मारवाडी कुटुंबात जन्म, ब्रह्मदेशात मोठा व्यापार, आणि सोबतीला अर्धशिशीचा भयंकर त्रास. उपाय शोधत ते सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे गेले. हे गुरू मठात राहणारे नव्हते. ते ब्रह्मदेशाचे अकाउंटंट जनरल होते, ऑफिसात बसून हिशेब बघणारे गृहस्थ! गोएंकाजी स्वतः सांगायचे, की डोकेदुखी घालवायला आलोय म्हटल्यावर गुरूंनी त्यांना आधी परत पाठवलं. एवढ्यासाठी या विद्येकडे येऊ नका, मनाच्या शुद्धीसाठी या, असं त्यांचं म्हणणं. पुढे १९५५ मध्ये गोएंकाजींनी पहिलं शिबिर केलं, चौदा वर्षं गुरूंजवळ अभ्यास केला आणि १९६९ मध्ये भारतात येऊन मुंबईत पहिलं शिबिर घेतलं. १९७६ पासून इगतपुरीच्या धम्मगिरीवर शिबिरं सुरू झाली. आपल्या रहाटणीहून जवळचं एक केंद्र आळंदीपलीकडे मरकळला आहे. माउलींच्या समाधीपासून काही किलोमीटरवर माणसं दहा दहा दिवस मौन पाळून आपला श्वास बघत बसलेली असतात.

तिसरा धागा अमेरिकेतला. जॉन कबाट-झिन हे मॉलिक्युलर बायॉलॉजीत एमआयटीची पीएच.डी. केलेले शास्त्रज्ञ, आणि झेन, विपश्यना, योग या तिन्हींचे अभ्यासक. १९७९ मध्ये त्यांनी मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात एक क्लिनिक सुरू केलं. तिथे येणारे बरेचसे रुग्ण जुन्या दुखण्यांचे होते, औषधांनी पूर्ण आराम न पडलेले. त्यांच्यासाठी आठ आठवड्यांचा कार्यक्रम : आठवड्यातून एकदा वर्ग, रोज घरी पाऊण तास अभ्यास. पायापासून डोक्यापर्यंत एकेक अवयव लक्ष देऊन अनुभवायचा, श्वास बघायचा, सौम्य आसनं करायची, एक मनुका पाच मिनिटं लावून खायची. देवाचं नाव नाही, पंथ नाही, दीक्षा नाही.

त्यांची व्याख्या आपल्या शब्दांत सांगायची तर : ठरवून, आत्ताच्या क्षणाकडे, चांगलं-वाईट न ठरवता लक्ष देणं. ‘दुखतंय’ हे जाणवू द्यायचं, पण ‘आता हे आयुष्यभर असंच दुखणार’ ही त्यामागून येणारी गोष्ट वेगळी ओळखायची.

चिंता हेही ध्यानच

आता दुसऱ्या अध्यायातले ६२ आणि ६३ हे श्लोक बघा. तिथे घसरणीची साखळी आहे. विषयाचं चिंतन, त्यातून आसक्ती, आसक्तीतून इच्छा, इच्छेतून क्रोध, क्रोधातून संमोह, संमोहातून स्मृतीचा भ्रम, त्यातून बुद्धीचा नाश, आणि मग सर्वनाश.

यात दोन गोष्टी लक्षात घेण्यासारख्या आहेत.

पहिली गोष्ट, हा श्लोक ज्या शब्दानं सुरू होतो तो ‘ध्यै’ धातूपासून झालेला आहे. म्हणजे ज्या धातूपासून ‘ध्यान’ शब्द आला, तोच! भगवंत म्हणतायत की विषयात बुडालेला माणूसही ध्यानच करत असतो. रात्री दीड वाजता पंख्याकडे बघत ‘मॅनेजर मीटिंगमध्ये असं का बोलला असेल’ हे चाळिसाव्यांदा घोळवणारा माणूस एकाग्र असतो. आपल्याला ध्यान जमत नाही हे खरं नाही. चुकीच्या विषयावर आपण ते तासन् तास करतो.

दुसरी गोष्ट, साखळीत बुद्धीच्या आधी जाते ती स्मृती. आद्य शंकराचार्य इथे स्मृतीचा अर्थ शास्त्रानं आणि आचार्यांनी केलेल्या उपदेशाची आठवण असा घेतात. बौद्धांची ‘सति’ आणि गीतेतली ‘स्मृति’ तंतोतंत एक आहेत असं मी म्हणणार नाही. पण दोन्हीकडे एक अनुभव सारखा आहे : ऐन वेळी जे माहीत आहे तेच आठवत नाही. शांत असताना आपल्याला सगळं कळतं. वादळात ते हाताशी येत नाही.

मानसशास्त्राला हीच साखळी नैराश्याच्या रुग्णांत दिसली. झिंडेल सीगल, मार्क विल्यम्स आणि जॉन टीसडेल या तिघांचा प्रश्न होता की नैराश्यातून बरी झालेली माणसं पुन्हा पुन्हा का आजारी पडतात? त्यांचं निरीक्षण असं, की ज्याला हा आजार अनेकदा झालाय त्याच्या मनात उदासी आणि जुने विचार यांची गाठ पक्की बसलेली असते. साधी, कुणालाही येते तशी उदास संध्याकाळ येते आणि त्या धाग्यानं ‘मी बिनकामाचा आहे’ हे जुनं सगळं वर येतं. मग माणूस त्यावर विचार करून सुटायला बघतो आणि आणखी रुततो. गुरानं रवंथ करावं तसं तेच ते चघळणं.

त्यांनी कबाट-झिन यांचा कार्यक्रम आणि कॉग्निटिव्ह थेरपी यांची सांगड घातली. त्याला एमबीसीटी म्हणतात. त्यात रुग्णाला विचार खोडून काढायला शिकवत नाहीत. तो ओळखायला शिकवतात. ‘मी बिनकामाचा आहे’ या ठिकाणी ‘मी बिनकामाचा आहे असा विचार आत्ता मनात आलाय’, एवढंच. आमच्या कामाच्या भाषेत सांगायचं तर लॉगमध्ये एरर दिसली म्हणून लगेच सिस्टिम बंद करायची नसते, आधी ती ओळ नीट वाचायची असते. वेदान्त ज्याला साक्षीभाव म्हणतो त्याच्या अंगणापर्यंत ही थेरपी येते. आत जाण्याचा तिचा दावा नाही, आणि तसा दावा ती करत नाही हेच बरं आहे.

आकडे काय सांगतात

आपण शिकलेली माणसं आहोत. ‘विज्ञानानं सिद्ध झालंय’ असं म्हणून पुढे जाणं आपल्याला शोभत नाही.

२००० साली या तिघांचा पहिला मोठा अभ्यास आला. १४५ जण, सगळे नैराश्यातून बरे झालेले. ज्यांना आजार तीन किंवा अधिक वेळा झाला होता, त्यांच्यात नेहमीच्या उपचारांवर असलेल्यांपैकी ६६ टक्के पुन्हा आजारी पडले. एमबीसीटी केलेल्यांत हे प्रमाण ३७ टक्के होतं. मोठा फरक आहे. पण ज्यांना आजार दोनदाच झाला होता, त्यांना या पद्धतीचा फायदा दिसला नाही. म्हणजे औषध एकच असलं तरी लागू पडायला माणूस आणि वेळ दोन्ही बघावं लागतं. आणि हा कार्यक्रम बरं झाल्यावर पुन्हा घसरू नये म्हणून बेतलेला होता, ऐन आजारात झोपून असलेल्या माणसासाठी नाही.

२०१५ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये इंग्लंडमधल्या ४२४ रुग्णांचा अभ्यास आला. निम्म्यांनी औषध चालू ठेवलं. निम्म्यांनी एमबीसीटी करत, डॉक्टरांच्या मदतीनं, औषध हळूहळू कमी केलं. दोन वर्षांत पुन्हा आजारी पडलेले : एमबीसीटी गटात ४४ टक्के, औषधाच्या गटात ४७ टक्के. जवळपास बरोबरी. याचा अर्थ काही रुग्णांना एक पर्याय मिळाला. गोळ्यांवर मात झाली असा याचा अर्थ होत नाही.

ब्रिटनमध्ये शाळकरी मुलांवर मोठा प्रयोग झाला, आठ हजारांहून अधिक मुलं. २०२२ मध्ये निष्कर्ष आले. शाळेत सरसकट सगळ्यांना माइंडफुलनेस शिकवून नेहमीच्या अभ्यासक्रमापेक्षा जास्त फायदा दिसला नाही. सरसकट वाटायचा हा प्रसाद नव्हे.

काही जणांचा त्रास शांत बसल्यावर वाढतोसुद्धा. ज्यांच्यावर मोठा आघात झालाय त्यांना डोळे मिटल्यावर तेच दिसू शकतं. विपश्यना केंद्राच्या अर्जातही मानसिक आजार आणि औषधं यांची माहिती विचारतात, आणि गंभीर मानसिक आजार असणाऱ्यांनी शिबिर करू नये असं सांगतात. ती माहिती लपवून शिबिराला जाऊ नका. तो प्रश्न तुमच्या श्रद्धेची परीक्षा घ्यायला विचारलेला नसतो.

गोळी आणि नाम

आता मुख्य मुद्दा. आपल्या भागात, रहाटणी, पिंपळे सौदागर, वाकड, थेरगाव, बहुतेक घरांत कुणी ना कुणी शिफ्टमध्ये आहे. कुणी हिंजवडीत अमेरिकेच्या वेळेवर, कुणी चाकणच्या प्लँटमध्ये रात्रपाळीला. गावाकडे आई-बाबा, इथे होम लोन. अशात एखाद्याची झोप उडते, छातीत धडधडतं, लिफ्टमध्ये घुसमटतं. तो धीर करून डॉक्टरांकडे जातो, गोळी सुरू होते. आणि मग आपल्यातलाच कुणीतरी प्रेमानं म्हणतो, ‘अरे, नाम घे. गोळ्या सोड. श्रद्धा कमी पडतेय तुझी.’

बोलणाऱ्याचा हेतू चांगला असतो. पण ऐकणारा आधीच स्वतःला दोष देत असतो. आता त्याला वाटतं की देवाच्या दारातही मी नापास. आणि तो गोळी अचानक बंद करतो, जे शरीराला आणि मनाला महागात पडू शकतं.

मला अशा वेळी पहिला अध्याय आठवतो. अर्जुनाचे हातपाय गळाले, तोंड कोरडं पडलं, अंगाला कंप सुटला, त्वचेचा दाह झाला, गांडीव हातातून निसटलं, उभं राहता येईना. समोर साक्षात श्रीकृष्ण, सारथी म्हणून बसलेले. भगवंताच्या इतक्या जवळ असलेल्या माणसाला हे झालं! मग तुम्हाला-मला झालं तर त्यात श्रद्धेचा हिशेब कुठून आला?

आणि भगवंत त्याच्याशी बोलले, सविस्तर. सहाव्या अध्यायात अर्जुन म्हणतो, मन आवरणं वाऱ्याला आवरण्यासारखं अवघड आहे. त्यावर भगवंत आधी मान्य करतात की होय, यात शंका नाही, अवघड आहे. मग उपाय सांगतात, अभ्यास आणि वैराग्य. आधी समोरच्याचं दुखणं कबूल करायचं, मग बोलायचं. हे आपण मित्राशी बोलताना उचललं तरी पुष्कळ झालं.

त्याच अध्यायात, १६ आणि १७ व्या श्लोकांत, भगवंत खाणं, झोपणं, जागणं यांच्या प्रमाणाबद्दल सांगतात. अति खाणाऱ्याला योग नाही, उपाशी राहणाऱ्यालाही नाही. अति झोपणाऱ्याला नाही, जागत राहणाऱ्यालाही नाही. योगशास्त्र सांगताना भगवंत शरीराची ही बाजू सोडत नाहीत. मग मेंदूच्या आजारावर औषध घेणं हे अध्यात्माच्या विरोधात कसं जाईल? चष्मा लावून पारायण केलं तर पुण्य कमी होत नाही.

मग नामस्मरणाचं काय?

नाम-‘स्मरण’. तोच धातू, तीच आठवण. जप करताना मन भाजी मंडईत गेलं, लक्षात आलं, पुन्हा नामावर आलो. हा ‘लक्षात आलं’चा क्षण म्हणजेच स्मृती. त्या क्षणी आपण हरलेलो नसतो, घरी परतलेलो असतो. क्लिनिकमधला माणूस श्वासावर परततो, वारकरी विठ्ठलावर परततो. परतण्याची क्रिया सारखीच आहे.

फरक आहे तो पुढचा. थेरपीतल्या लक्ष देण्याला समोर कुणी नसतं. नामाला समोर ‘तो’ असतो. तिथे नातं आहे, प्रेम आहे, रुसवा आहे, मागणं आहे. देहूच्या तुकोबांनी दुष्काळात पहिली बायको आणि मुलगा गमावला, धंदा बुडाला. भामचंद्र आणि भंडारा डोंगरावर ते एकांतात बसले. पण त्यांच्या गाथेत नुसती शांतता नाही. मनाशी झुंज आहे, विठ्ठलाशी भांडण आहे, स्वतःबद्दलची कठोर कबुली आहे. त्यांनी मनातलं काही दाबलं नाही, देवासमोर मांडलं.

म्हणून नामाचा वापर विचार दाबायच्या झाकणासारखा करू नका. भीती वाटतेय तर ‘देवा, भीती वाटतेय’ म्हणा आणि मग नाम घ्या. दुसरं असं की नामाला झोपेची गोळीही करू नका. ऊ बा खिन यांनी गोएंकाजींना जे सांगितलं ते आपल्यालाही लागू आहे. मन शांत झालं तर तो प्रसाद. पण ज्याच्यासाठी निघालो तो मुक्काम त्याहून मोठा आहे. डोकेदुखी, निद्रानाश, नैराश्य यांच्यासाठी डॉक्टर आहेत, समुपदेशक आहेत. त्यांच्याकडे त्यांचं काम द्यावं आणि देवाकडे देवाचं.

आजचा अभ्यास (तीन मिनिटं)

एमबीसीटीत तीन मिनिटांचा एक छोटा सराव आहे. आपण तो आपल्या पद्धतीनं करू. बसची वाट बघताना, कॉल सुरू व्हायच्या आधी, कुठेही जमतो.

१. पहिलं मिनिट : आत्ता मनात काय आहे? नाव द्या. ‘चिंता आहे.’ ‘राग आहे.’ ‘काहीच नाही, कंटाळा आहे.’ बदलायला जाऊ नका.

२. दुसरं मिनिट : श्वासाकडे या. श्वास घेताना ‘राम कृष्ण’, सोडताना ‘हरी’. मन गेलं की चिडायचं नाही. माउलींनी मोकळं सोडायची परवानगी दिलीय. लक्षात आलं की परत.

३. तिसरं मिनिट : लक्ष पूर्ण शरीरावर पसरू द्या. खांदे, जबडा, पोट. मग डोळे उघडून पुढचं काम.

दिवसातून तीनदा, एक आठवडा. डोळे मिटल्यावर घाबरायला होत असेल तर डोळे उघडे ठेवा, चालत चालत करा, किंवा करू नका. काही बिघडत नाही.

आणि दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप, भूक, कामातला रस गेला असेल, किंवा जगणं नको वाटत असेल, तर हा लेख बाजूला ठेवा आणि आजच कुणाशी तरी बोला. सरकारची ‘टेलिमानस’ ही हेल्पलाइन आहे, क्रमांक १४४१६. चोवीस तास, मोफत, मराठीतही बोलता येतं. चालू असलेली गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करायची नाही.

शेवटी

गीतेच्या शेवटी, १८.७३ मध्ये, अर्जुन काय म्हणतो बघा. माझा मोह गेला आणि तुझ्या कृपेनं मला स्मृती परत मिळाली. दुसऱ्या अध्यायातल्या साखळीत जी हरवते म्हणून सांगितलं होतं, तीच इथे सापडली. युद्ध अजून समोरच होतं, सैन्यं तिथेच उभी होती. अर्जुन मात्र भानावर आला होता.

आज दिवसभरात मन कितीदा गेलं ते मोजू नका. परत आलेलं एकदा जरी लक्षात आलं तरी मनातल्या मनात हात जोडा.

उद्याचं चिंतन : ६.३५, ‘अभ्यास’ म्हणजे नेमकं काय?

राम कृष्ण हरी.